दर महिन्याचं पाणी

पहिलं वर्षभर दर महिन्याच्या सुरुवातीला माझ्या जर्मनीतल्या खात्यात ९३४ युरो जमा व्हायचे. इथे शिकायला येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला व्हिसा मिळण्याआधीच वर्षभराच्या राहण्या-खाण्याचा पैसा एका खात्यात भरून ठेवावा लागतो. मी २०२४ साली अर्ज केला तेव्हा ती रक्कम ११,२०८ युरो होती. खातं आपल्याच नावावर, पण पैसे एकदम काढता येत नाहीत. त्या त्या महिन्याचा वाटा त्या त्या महिन्यालाच सुटतो. पपांना हे समजावून सांगत होते तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे आवर्तनच की वं. धरण भरलेलं, पण पाणी पाळीनंच." तेव्हापासून माझ्या मनात त्या पैशाचं नाव आवर्तन असंच आहे. तो शब्द किती खरा होता, हे मला पुढे वर्षभराने कळायचं होतं.

आमचं गाव रावेर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. गच्चीवर उभं राहिलं की उत्तरेला डोंगराची निळी रेघ, आणि बाकी तिन्ही दिशांना केळी. आमच्या लेवा बोलीत 'ळ'चा 'य' होतो, म्हणून आम्ही म्हणतो केयी. शाळेत बाईंनी तो 'ळ' आमच्या जिभेवर बसवला, पण घरी फोन लागला की तो आपोआप उतरतो. मी जळगावला सिव्हिल इंजिनिअरिंग केलं. माझ्या पदवीच्या कागदावर विद्यापीठाचं जे नाव आहे ते बहिणाबाईंचं. इथल्या नोंदणी कार्यालयातल्या बाईंनी ते लांबलचक नाव अक्षर अक्षर वाचत विचारलं, या कोण? मी म्हटलं, आमच्या भागातल्या शेतकरी बाई होत्या, त्यांना लिहिता येत नव्हतं, त्या कवयित्री होत्या. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि नाव पुन्हा एकदा, या वेळी सावकाश, वाचलं.

२०२४च्या उन्हाळ्यात आमची मृगबाग, म्हणजे मृगात लावलेली केळी, कापणीला आली होती. नवतीला, म्हणजे नव्या बागेच्या केळीला, त्या हंगामात सरासरी क्विंटलमागे १,५०० रुपये पडले. मी गच्चीवर बसून हिशोब केला होता: खात्यात भरायचे दहा लाख, म्हणजे ६६७ क्विंटल, घड २४ किलोचा धरला तर पावणेतीन हजार घड. जवळजवळ दोन एकर बाग, खत-मजुरीचा खर्च न काढता. तो खर्च सोसायटीच्या कर्जावर गेला. पपांनी मला हे कधी सांगितलं नाही. कपाटातल्या पासबुकात मी वाचलं.

सप्टेंबरच्या अखेरीस मी ड्रेस्डेनला पोचले. त्याआधीच, ११ सप्टेंबरच्या पहाटे, एल्ब नदीवरच्या कारोला पुलाचा एक भाग कोसळून पाण्यात पडला होता. पाठोपाठ नदीला पूर आला आणि पातळी सहा मीटरच्या वर गेली. पपांना बातमी माझ्याआधी कळली होती. "तुह्या गावचा पूल पडला म्हनतात," एवढाच त्यांचा निरोप होता. मी अजून तिथं पाऊलही ठेवलं नव्हतं, पण त्यांच्या लेखी ते माझं गाव झालं होतं. पोचल्यावर पहिल्याच संध्याकाळी मी नदीवर गेले. पूर ओसरलेला, काठच्या गवतावर चिखलाचा थर, आणि मधोमध पाण्यात मोडून पडलेला तो लांब तुकडा. हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडल्यावर तापीचं पाणी जसं दिसतं, तसाच मातकट रंग. मला त्या रंगाचा खूप आधार वाटला.

पहिल्या तीन महिन्यांबद्दल फार लिहीत नाही. ते परदेशी गेलेल्या प्रत्येकाचे सारखेच असतात: खोलीसाठीची धडपड, चारलाच मावळणारा दिवस, कुलूपबंद दुकानांचे रविवार. इथे १.० म्हणजे सर्वांत वरचा गुण आणि ५.० म्हणजे नापास, हे घरी समजावताना आईचा चेहरा पडला होता, तो मी व्हिडिओवर पाहिला. एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी आवडली. तास संपला की विद्यार्थी टाळ्या वाजवत नाहीत, मुठीने बाक ठोकतात. शंभर जणांनी एकदम लाकूड ठोकलं की शेजारच्या शेतात मळणी चालल्यासारखा आवाज येतो.

मी इथे पाण्याचं शास्त्र शिकते. नद्या, पूर, भूजल, पाणी शुद्ध करणं असं सगळं त्यात येतं. नोव्हेंबरात आम्हाला शहराचं पाणी कुठून येतं ते दाखवायला नदीकाठी नेलं. ड्रेस्डेनचं पहिलं पाणीघर सालोपे इथलं, १८७५ साली बांधलेलं. नदीकडेच्या चढावर किल्ल्यासारखी इमारत आहे. आता तिथे लोक राहतात. तिथलं तत्त्व आजही पुढच्या पाणीघरांत चालतं. नदीचं पाणी थेट उचलायचं नाही. काठापासून थोड्या अंतरावर विहिरी घ्यायच्या, आणि नदीचं पाणी वाळू-गोट्यांच्या थरांतून झिरपत त्या विहिरीत यायची वाट पाहायची. वाटेत वाळू गाळ धरून ठेवते, वाळूतले सूक्ष्म जीव घाण खाऊन टाकतात. प्राध्यापक सांगत होते की या पद्धतीत यंत्रापेक्षा वेळ जास्त काम करतो.

मी तिथे वहीत काहीच लिहिलं नाही. मला आजीचा झिरा आठवत होता.

आमच्या गावाजवळून सुकी नदी जाते. उन्हाळ्यात तिच्यात नुसती वाळू. आजी सांगायची, लग्न होऊन आली तेव्हा प्यायचं पाणी नदीतूनच आणायचं. वाळूत हात-दीड हात खोल खड्डा करायचा. आधी गढूळ पाणी येतं, ते वाटीने उपसून टाकायचं. दुसऱ्यांदा येतं तेही टाकायचं. मग बसून राहायचं. बायका तिथे बसून गहू-ज्वारीचं, लेकीबाळींचं बोलत राहायच्या, तोवर झिरा काठोकाठ भरायचा, तळाची वाळू दिसेल इतकं नितळ पाणी. "घाई केली का गढूयच मियते," आजी म्हणायची. मी लहानपणी शेवटचा झिरा पाहिला असेल, किंवा तिच्या बोलण्यातून तो माझ्या डोळ्यांत राहिला असेल. काहीही असो. शास्त्रज्ञांनी विहिरी, नळ्या आणि प्रयोगशाळा लावून जे उभं केलं होतं, ते माझ्या आजीला एका वाटीने करता येत होतं, आणि तिला ते कुणी विज्ञान म्हणून कधी दाखवलं नव्हतं. त्या रात्री मी आईला फोन करून म्हटलं, आजीचा फोटो पाठव. बाकी काही सांगता आलं नाही.

मी राहते ती इमारत पूर्व जर्मनीच्या काळातली, काँक्रीटच्या तयार भिंती जोडून उभी केलेली. तळमजल्यावर एक आजी राहतात. वय ७८. तरुणपणापासून कॅमेऱ्याच्या कारखान्यात भिंगं बसवायच्या. त्यांची बोली सॅक्सन. त्या बोलीत क, त, प ही अक्षरं मऊ होऊन ग, द, ब कडे झुकतात, आणि बाकीचे जर्मन लोक त्यावरून हसतात. त्यांनी पहिल्यांदा माझ्याशी बोलताना मुद्दाम पुस्तकी जर्मन वापरली. मी ओळखलं, कारण पुण्याला गेल्यावर मी तेच करते. मी त्यांना मोडक्यातोडक्या भाषेत 'ळ' आणि 'य'ची गोष्ट सांगितली. त्या दिवसापासून त्या माझ्याशी सॅक्सनमध्ये बोलतात. मला निम्मं कळतं, पण त्या निम्म्यात त्या असतात.

जानेवारीतल्या एका दुपारी त्यांनी मला कॉफीला बोलावलं. टेबलावर केळी होती, आणि सालीला राखाडी, मळकट छटा आली होती. मी पाहताक्षणी म्हटलं, "चरका!" मराठीत, मोठ्याने. त्या दचकल्या. मग मी विचारलं, ही बाहेर बाल्कनीत ठेवली होती का? हो, फ्रिजमध्ये जागा नव्हती. बाहेर उणे पाच होतं. मी सांगितलं की केळीला १३ अंशांखालची थंडी सोसत नाही, सालीतला रस काळपट पडतो आणि मग ते नीट पिकत नाही. डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे पारा उतरला की हाच डाग झाडावरच्या घडांवर पडतो. व्यापारी भाव पाडतो, पपा पहाटे उठून बागेला पाणी सोडतात, कारण बोअरचं पाणी कोमट असतं आणि त्याने बागेत थोडी ऊब राहते. एवढं सगळं मी जर्मनमध्ये बोलले. या देशात आल्यापास्नं इतकं सलग मी पहिल्यांदाच बोलले असेन.

त्या बराच वेळ ऐकत होत्या. मग विचारलं, "म्हणजे तुझे वडील केळी पिकवतात?" मी म्हटलं, आमचं सगळं गाव पिकवतं.

मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. पूर्व जर्मनीत केळी वर्षभर मिळत नसत. नाताळच्या आसपास दुकानात आल्याची कुजबुज व्हायची. कारखान्यातून कुणी तरी निघून रांग धरायचं, बाकीच्या बायका त्याचं काम ओढायच्या. घरटी मोजकीच मिळायची. काही माल दुकानदार समोर मांडतच नसत, ओळखीच्या गिऱ्हाइकाला खाली वाकून फळीखालून देत. त्या मालाला लोकांनी नावच ठेवलं होतं, 'वाकून द्यायचा माल'. त्यांच्या मुलाला १९८१च्या नाताळात ताप होता. त्यांनी दोन तास रांगेत उभं राहून आणलेली केळी हिरवीगार निघाली. लोकरीच्या शालीत गुंडाळून त्यांनी ती शेगडीजवळ ठेवली आणि रोज उघडून पाहिली. मुलगा बरा होऊन शाळेत गेला तरी ती पिवळी झाली नव्हती. हे सांगताना त्यांनी हातांनी शाल गुंडाळून दाखवली, बाळाला गुंडाळावं तशी.

गंमत अशी की सीमेच्या पलीकडे, पश्चिम जर्मनीत, हेच फळ रोजच्या ताटातलं होतं. १९५७ साली रोमचा करार झाला तेव्हा चॅन्सेलर आडेनाउअरांनी हट्टाने त्याला केळीसाठी वेगळी पुरवणी जोडून घेतली होती, जर्मनीला जकातीशिवाय केळी आणता यावीत म्हणून. एका भाषेचे, एका नदीचे लोक. एकीकडे करारात केळी, दुसरीकडे रांगेत केळी. ९ नोव्हेंबर १९८९ला भिंत उघडली. पूर्वेकडून येणाऱ्या प्रत्येकाला पश्चिमेत स्वागताचे १०० मार्क मिळायचे. या आजींनी त्यातून पहिल्यांदा काय घेतलं असेल ते विचारावं लागलं नाही. रेल्वेत परत येताना सगळा डबा त्या वासाने भरला होता, त्या म्हणाल्या.

मी वर माझ्या खोलीत आले आणि रडले. का, ते तेव्हा समजलं नाही. २०१९च्या जूनमध्ये वादळाने आमची उभी बाग आडवी झाली होती. निसवलेली झाडं, अर्धे भरलेले घड, सगळं भुईसपाट. पंचनामा होईपर्यंत उचलायचं नाही म्हणून ते आठ दिवस तसंच पडून राहिलं, मग ट्रॅक्टरने ओढून नाल्यात टाकलं. आणि एका वर्षी 'वापसी'ला, म्हणजे निवडीतून उरलेल्या हलक्या मालाला, भावच नव्हता तेव्हा पपांनी गाडीभर केळी गुरांपुढे टाकली होती. त्या गाडीतला एक फणा त्या शालीत असता तर.

या दोन गोष्टी माझ्या मनात बरेच दिवस शेजारी शेजारी पडून होत्या. त्यांना जोडणारी तिसरी गोष्ट उन्हाळी सत्रात मिळाली.

लंडनचे प्राध्यापक टोनी अ‍ॅलन यांनी नव्वदच्या दशकात एक कल्पना मांडली, जिच्यासाठी त्यांना २००८ साली स्टॉकहोम जल पुरस्कार मिळाला: आभासी पाणी. धान्य, फळ, कापूस जेव्हा एका प्रदेशातून दुसरीकडे जातो तेव्हा तो पिकवायला लागलेलं पाणीही त्याच्याबरोबर जातं. दिसत नाही इतकंच. पुढे आर्येन हुक्स्ट्रा या डच अभ्यासकाने त्याचं मोजमाप बसवलं. तासाला पडद्यावर एक तक्ता आला. केळी: जागतिक सरासरी, किलोला ७९० लिटर. यात पावसाचं पाणीही धरलेलं असतं. वर्गातल्या इतरांसाठी ती गहू आणि गोमांस यांच्यामधली एक ओळ होती.

मी वहीच्या शेवटच्या पानावर आमचा हिशोब मांडला. आमची सगळी बाग ठिबकवर आहे. मे महिन्यात एका झाडाला दिवसाला वीसेक लिटर लागतं, पावसाळ्यात मोटर बंदही असते. वर्षाची सरासरी बारा लिटर धरली. लागवडीपासून कापणीपर्यंत ३६० दिवस. एका झाडाला ४,३२० लिटर. माझ्या खात्यात भरलेले पावणेतीन हजार घड गुणिले ४,३२०.

एक कोटी वीस लाख लिटर. भागिले बारा महिने. महिन्याला दहा लाख लिटर.

मी गणित तीनदा केलं. कच्चा हिशोब आहे, दोन-चार लाख लिटर इकडेतिकडे होतील. पण पावसाचा थेंब त्यात नाही. ते सगळं जमिनीखालून उपसलेलं पाणी आहे. पपांचं वाक्य आठवलं: धरण भरलेलं, पण पाणी पाळीनंच. खात्यात दर महिन्याला जे सुटत होतं ते खरोखरच पाणी होतं. मी ज्या बाकावर बसून भूजल वाचवण्याचं शास्त्र शिकत होते, तो बाक आमच्या ट्यूबवेलच्या पाण्यावर उभा होता. खोलीचं भाडं, रायचा पाव, हिवाळ्याचे बूट, हीच वही.

मग मी ग्रंथालयात आमच्याच जमिनीबद्दल वाचायला लागले. सातपुड्याच्या पायथ्याला डोंगरातून वाहून आलेल्या दगड-गोटे-वाळूचा जाड पट्टा आहे. शास्त्रात त्याला बझाडा म्हणतात, मूळ स्पॅनिश शब्द. या पट्ट्यात पावसाळी नाल्यांचं पाणी भरभर खाली उतरतं आणि तापीकडच्या गाळाच्या थरांना पुरवठा होतो. तोच आमच्या केळीचा खरा हौद. आजोबांच्या विहिरीला साठ फुटांवर पाणी असायचं. विहीर आता कोरडी आहे, तळाला पिंपळाचं रोप. पपांची पहिली ट्यूबवेल तीनशे फुटांची होती, आताची पाचशेची. रावेर आणि यावल हे तालुके भूजलाच्या सरकारी नोंदींत अतिउपशाचे म्हणून वर्षानुवर्षं येत राहिले. मी त्या तालुक्यात वाढले, तिथेच इंजिनिअर झाले, आणि ती नोंद पहिल्यांदा वाचली ती एल्बच्या काठी. याचं मला आजही वाईट वाटतं.

त्याच जुलैत, २०२५च्या, नदी फार खाली गेली. आमच्या वर्गातले चौघे जण एका शनिवारी गाडीने नदीकाठाने सीमा ओलांडून चेक देशातल्या देचीनला गेलो, दुष्काळाचा दगड पाहायला. पाणी कमी झालं की नदीपात्रातला एक मोठा खडक उघडा पडतो. त्यावर जुन्या काळच्या लोकांनी दुष्काळाची वर्षं कोरून ठेवलीत. १६१६, १७०७, १७४६, १७९०, पुढे १८९२, १८९३. त्याच्यावर जर्मन भाषेत एक ओळ आहे: मला पाहशील तेव्हा रड.

बाकीच्यांनी फोटो काढले. मी खाली बसून आकड्यांवरून हात फिरवला. आमच्याकडे बहात्तरचा दुष्काळ कुणी दगडावर कोरला नाही, तो माणसांच्या बोलण्यात राहिला. माझ्या आत्याचं वय अजूनही 'बहात्तरच्या आधीची' असंच सांगतात. पण नदी आटली तर निदान दगड वर येतो. जमिनीखालचं पाणी खाली जातं तेव्हा काहीच वर येत नाही. वरून बाग हिरवीच दिसते, शेवटच्या दिवसापर्यंत. आमच्या गावात हे मोजायची एकच पद्धत मी पाहिली आहे: मोटर हवा ओढायला लागते, आणि मग माणूस म्हणतो, "दोन पाइप वाढवा लागतीन."

हिवाळी सत्रात प्रत्येकाने आपल्या प्रदेशातल्या एका जुन्या पाणी-व्यवस्थेवर बोलायचं होतं. मी फड निवडला, म्हणजे गावाने मिळून पाणी वाटून घ्यायची पद्धत. केळीच्या पट्ट्यात फड नाही, तो खानदेशाच्या पश्चिमेचा, धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठचा. माझी होस्टेलवरची मैत्रीण साक्री तालुक्यातली, अहिराणी बोलणारी. तिने तिच्या आजोबांना फोनवर बसवलं. नदीवर दगडी बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे चार-पाच मोठे फड. एका फडात एकच पीक, दरवर्षी पाळीपाळीने बदलणारं. कुणी आपल्या मर्जीने ऊस लावू शकत नाही. पाणी सोडायचं काम शेतकऱ्याचं नाही, पाटकऱ्याचं. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे बहुतेकांची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात. नदीला पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा फड कोरडा ठेवायचा. मग तोटा एकट्यादुकट्याचा होत नाही, गावाचा होतो. शेकडो वर्षं हे चाललं. धरणं झाली, विहिरी-मोटरी आल्या, आणि बहुतेक ठिकाणी फड मोडले. आजोबा शेवटी म्हणाले, "पानी समदासनं शे." पाणी सगळ्यांचं आहे. मी ते वाक्य वर्गात त्यांच्याच आवाजात ऐकवलं आणि मग अर्थ सांगितला. क्षणभर शांतता, मग बाकांवर मुठी. ती मळणी त्या दिवशी साक्री तालुक्यातल्या एका ओट्यापर्यंत ऐकू जायला हवी होती.

जानेवारीच्या शेवटी पपांचा फोन आला. शेजारच्यांनी सातशे फूट बोर मारला, आपलं पाणी तुटायला लागलंय. पाणाड्या येऊन गेला होता. हातावर नारळ धरून तो बांधाबांधाने फिरला, आणि कोपऱ्यातल्या लिंबाजवळ नारळ उभा राहिला. बोरच्या गाडीला सांगावा धाडायचा होता. मग पपा थोडं थांबून म्हणाले, "तू तेच शिकू राह्यली ना बेटा? तुले काय वाटते, किती फुटावर लागीन?"

मी दीड वर्षात भूजलाची समीकरणं, नमुने, संगणकावरचे नकाशे शिकले होते. आणि माझ्या बापाच्या साध्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण आमच्या शेतात पाण्याची पातळी कुणी कधी मोजलेलीच नव्हती. पाणाड्याने निदान एक जागा दाखवली होती. दीड लाख खर्चाआधी कुणी तरी काही तरी सांगावं, ही पपांची गरज मला त्या फोनमध्ये स्पष्ट ऐकू आली. मी म्हटलं, "पपा, मी फेब्रुवारीत सुट्टीला येते. तोवर गाडी नका बोलावू." ते म्हणाले, "ये."

रावेर स्टेशनवर उतरले तेव्हा थंडी सरत आली होती. घरी भरीत, कळण्याची भाकरी, आणि मी आले म्हणून जमलेला वाडा. दुसऱ्या दिवशी जळगावहून शंभर मीटरची पोलादी फीत आणली. पद्धत फार जुनी आणि सोपी आहे. फितीच्या टोकाला वजन बांधायचं, शेवटच्या काही मीटरना खडू फासायचा, केसिंग आणि पाइपामधल्या फटीतून फीत हळूहळू खाली सोडायची, ठरलेल्या आकड्यावर थांबवून वर ओढायची. जिथपर्यंत खडू ओला, तिथपर्यंत पाणी. अट एकच, मोटर बंद हवी, शेजारपाजारच्याही. आमच्याकडे शेतीची वीज पाळीपाळीने येते. पहाटेची लाइन सहाला जाणार होती. सगळ्या शिवारातल्या मोटरी एकदम बंद होतात तेव्हा जी शांतता पसरते, ती मी विसरलेच होते. पाणी जागेवर यायला आम्ही आणखी दोन तास थांबलो. पपा बांधावर बसले, मी त्यांच्या शेजारी. घाई केली का गढूयच मियते.

फीत ८० मीटरवर धरली. वर ओढली तेव्हा शेवटचा १ मीटर ६० सेंटिमीटर खडू ओला होता. ७८.४० मीटर. पपांना म्हटलं, दोनशे सत्तावन्न फूट.

"चांगलं का वाईट?"

"एका मापावरून नाही सांगता येत. मेमध्ये मोजू, पावसाळ्यानंतर मोजू, पुढच्या फेब्रुवारीत मोजू. मग सांगीन."

पपांनी चुलीतला कोळसा मागवला आणि मोटरच्या खोलीच्या भिंतीवर, आतल्या बाजूला, तारीख लिहिली. तिच्यापुढे आकडा. त्यांचं अक्षर पासबुकातल्या सहीसारखंच, जरा उजवीकडे कललेलं. मला देचीनचा दगड आठवला, पण मी ते बोलले नाही.

तेवढ्यात बांधापलीकडचे नाना, ज्यांनी सातशे फूट मारला ते, तोंड धूत उभे होते ते इकडे आले. भिंतीकडे पाहिलं, माझ्या हातातल्या फितीकडे पाहिलं. "आमच्याई बोरात सोडून पाय बरं, बेटा," म्हणाले. त्यांच्याकडे ८६ मीटरवर फीत ओली झाली. मग त्यांच्या पुतण्याची, मग नाल्याकाठची जुनी ट्यूबवेल. कुणी तरी मुलाला वही आणायला पाठवलं. लाइन अकराला येणार होती, तोवर जेवढ्या होतील तेवढ्या करायच्या असं ठरलं. बोरच्या गाडीचा विषय त्या दिवशी निघाला नाही.

पाचव्या ट्यूबवेलपाशी खडू संपला. पपा मोटरसायकलवरून गावात गेले आणि किराणा दुकानातून पाटीवरच्या खडूची नवी पेटी घेऊन आले.